विकतच्या कंपोस्ट खताची पारख

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, एखादा सावध गृहस्थ तर नांगराला जुंपूनही पाहतो. ज्वारीचे पोते घेताना वरचे दाणे सोडून आत हात घालतो व मधले दाणे काढून दाताखाली फोडतो. परंतु तोच शेतकरी दुकानातून कंपोस्ट अथवा गांडूळखताची पिशवी घेताना केवळ तिच्यावर छापलेले हिरवे पान व टपोरे टोमॅटो पाहून पैसे मोजतो, ही मोठी आश्चर्याची गोष्ट होय. प्रस्तुत लेखकही गतवर्षीपर्यंत याच पंक्तीत बसलेला होता. त्याचे जे प्रायश्चित्त मिळाले, ते इतरांस मिळू नये म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

विकतच्या खताची वेळ का आली

आमच्या सिरसाळ्याच्या परिसरात, किंबहुना सबंध परळी तालुक्यात, तीस-चाळीस वर्षांपूर्वी खत विकत आणणे हे हसण्यासारखे वाटले असते. प्रत्येक वाड्यामागे उकिरडा होता व गोठ्यात चार-सहा जनावरे होती. आज नांगरट ट्रॅक्टरने होते. बैलजोड्या मोजक्या राहिल्या. दसरा झाला की पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्यात परततात. मागे उकिरडा उलथण्यास कोणी उरत नाही. शेताचे एक वेळ निभावते, परंतु परसबाग, कुंड्या आणि विशेषतः मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे यांना चाळलेले मऊ खत लागतेच. ते आता पिशवीतून येते. पिशवी वाईट नाही. पण ती न पारखता वापरणे वाईट आहे.

घडलेली हकीकत

सेवानिवृत्तीनंतर गतवर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या अर्ध्या एकरात मिरची लावण्याचे ठरले. तिचे यजमान हयात नाहीत; या तुकड्यावर तिच्या घरचा बराच भार आहे. तिचा विचार गावातील जुन्या उकिरड्याचे खत चाळून वाफ्यावर रोपे करण्याचा होता. मीच तिला सांगितले की, आता काळ बदलला, ट्रेमध्ये रोपे करू, तयार खत आणू. चाळीस किलोच्या ३ पिशव्या व बियाण्याची ५ पाकिटे आणली. पिशवीवर 'शंभर टक्के सेंद्रिय, वापरण्यास तयार' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. मे महिन्याच्या २५ तारखेस ७५ ट्रे भरून बी टोकले. खतात दुसरे काहीही मिसळले नाही.

बारा दिवस झाले तरी तिसरा हिस्साही उगवला नाही. जे उगवले त्याची पहिली पाने पिवळी, व उपटून पाहावे तो मुळाचे टोक तपकिरी पडलेले. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, उकिरड्याचं खत फुकट होतं." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुन्हा बी आणून, गावच्याच जुन्या खतात, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टाकावे लागले. लागवड एक महिना लांबली व पहिल्या तोड्याचा चांगला भाव हातचा गेला. बियाणे व खत यांचे मिळून चार हजारांवर रुपये गेले ते निराळेच.

दोष विकणाऱ्याचा होता, तितकाच माझ्या घाईचाही होता. महसूल खात्यात उभे आयुष्य गेल्यावर मला एक गोष्ट कळावयास हवी होती. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव आहे एवढ्याने जमिनीवर कब्जा आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. पिशवीवरील छापील मजकूर हा उतारा आहे. स्थळपाहणी आपणच करावयाची असते.

खत पक्के म्हणजे काय

पारख करण्यापूर्वी काय पारखावयाचे ते समजले पाहिजे. आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूर येथे काडीकचरा व शेण कुजविण्याचे जे प्रयोग केले, ते १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या इंदूर पद्धतीत ढीग प्रथम चांगला तापतो, मग उलथापालथ करीत हळूहळू निवतो व सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हा काळ चुकवून चालत नाही. ढीग तापत असतो तोवर आतील सूक्ष्म जीव काम करीत असतात. त्यांना नत्र व हवा दोन्ही लागतात. असे अर्धकच्चे खत कुंडीत घातले, तर ते जीव रोपाच्या मुळाशीच नत्र खातात, प्राणवायू ओढून घेतात, व अमोनिया आणि काही आम्ले बाहेर टाकतात. मोठे झाड ते सोसते; दोन पानांचे रोप सोशीत नाही.

खतातील कर्ब व नत्र यांच्या प्रमाणावरून हा पक्केपणा मोजतात. ज्वारीच्या कडब्यात नत्राच्या मानाने कर्ब कितीतरी पट अधिक असतो; कुजता कुजता तो कमी होत जातो. केंद्र सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली सेंद्रिय खतांचाही समावेश झाला. त्यातील मानकांप्रमाणे शहरी कचऱ्याच्या कंपोस्टात एका भाग नत्रास कर्बाचे वीस भागांहून कमी प्रमाण हवे. ओलावा शेकडा १५ ते २५, क्षारता दाखविणारी विद्युत वाहकता ४ हून अधिक नसावी, आणि खताचा निदान शेकडा ९० भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा, असेही त्यात आहे. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब निदान शेकडा १८ असावा लागतो.

येथे आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'कंपोस्ट' हा शब्द इंग्रजीत दोन अर्थांनी वापरतात. एक, कुजविलेले खत. दुसरा, कुंडी भरण्याचे तयार मिश्रण. इंग्लंडातील जॉन इनेस संस्थेत १९३० नंतरच्या दशकात लॉरेन्स व न्यूवेल यांनी कुंड्यांसाठी जे प्रसिद्ध मिश्रण बसविले, त्यात ७ भाग पोयटा माती, ३ भाग दलदलीतील कुजकट वनस्पतिद्रव्य व २ भाग वाळू होती. म्हणजे त्याचा मोठा भाग मातीच होता. आपल्याकडे मात्र 'कंपोस्ट' नावाची पिशवी फोडून तीच निव्वळ कुंडीत भरली जाते. माझी पहिली चूक हीच होती. खत कितीही उत्तम असले तरी त्यात क्षार असतात. ते एकटे बियाण्याचे अंथरूण होऊ शकत नाही.

पहिली परीक्षा : पिशवी व वजन

पिशवीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, खताचे नाव, निव्वळ वजन, घटकांचे प्रमाण, लॉट क्रमांक व तारीख आहे की नाही ते पाहावे. केवळ 'ऑरगॅनिक', 'नैसर्गिक', 'रोपांचा मित्र' असे शब्द असतील व अंक एकही नसेल, तर ती पिशवी दुकानातच राहू द्यावी. पावती अवश्य घ्यावी.

नंतर पाण्याचा हिशेब. खत वजनावर विकले जाते व पाणी खतापेक्षा स्वस्त आहे. पिशवीच्या मधून एक किलो खत काढून कागदावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे व पुन्हा तोलावे. १५० ते २५० ग्रॅम घट आली तर ठीक. ४५० ग्रॅम घट आली, तर चाळीस किलोच्या पिशवीत कोरडा माल अवघा २२ किलो निघाला. शेकडा २५ ओलाव्याच्या पिशवीत तो ३० किलो निघाला असता. म्हणजे दर पिशवीमागे आठ किलो पाण्याचे पैसे खताच्या भावाने दिले गेले.

दुसरी परीक्षा : नाक व मूठ

वळवाच्या पहिल्या सरीने तापल्या रानातून जो वास उठतो, तोच पक्क्या खताचा वास होय. दोन्ही ठिकाणी तो मातीतील त्याच जातीच्या सूक्ष्म जीवांपासून येतो. नाकात झोंबणारा गोठ्याच्या मुताचा वास आला तर अमोनिया अद्याप निघत आहे. आंबूस अथवा कुजक्या अंड्याचा वास आला तर खत हवेवाचून कोंडून सडले आहे.

परंतु येथे एक कसब ओळखावे. कच्चे खत वाळवून टाकले की त्याची कूज थांबते व वासही जातो. कोरडे खत लबाड बोलते. म्हणून मूठभर खत घेऊन ते जेमतेम ओले करावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे, व सावलीत सात दिवस ठेवून मग उघडावे. मातीचाच वास आला तर खत पक्के. उग्र भपकारा आला तर कच्चे. याच कसोटीवर माझ्या पिशवीचे पितळ उघडे पडले. दुकानात तिला कसलाच वास नव्हता.

ओल्या खताची मूठ आवळावी. गोळा झाला पाहिजे व बोटाने टोचताच तो फुटला पाहिजे. बोटांतून पाणी गळल्यास ओलावा फार. गोळाच झाला नाही तर वाळू वा भुसा फार. गोळा मेणासारखा चिकट राहिला तर त्यात काळी चिकण माती भरली आहे. काडी, पान, उसाचे चिपाड स्पष्ट ओळखू येत असेल तर कूज पुरी झालेली नाही. शहरी कचऱ्याच्या खतात काचेचे तुकडे सापडू शकतात, सबब हात जपून घालावा. व कोणतेही खत हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

तिसरी परीक्षा : पाणी व अग्नी

काचेच्या बरणीत चौथा हिस्सा खत घालून पाणी भरावे, खूप हलवावे व रात्रभर ठेवावे. वाळू व खडे प्रथम तळाशी बसतात, त्यावर माती. न कुजलेल्या काड्या व भुसा वर तरंगतो. तळाचा वाळूचा थर हाताच्या दोन बोटांइतका जाड दिसला, तर आपण खत नव्हे, नदीचा काठ विकत घेतला असे समजावे.

भेसळीचा निश्चित पुरावा अग्नी देतो. उन्हात पूर्ण वाळलेले १०० ग्रॅम खत लोखंडी तव्यात घालून उघड्या अंगणात चुलीच्या कडक जाळावर, धूर थांबून करडी राख होईपर्यंत जाळावे. खतात प्लॅस्टिक दिसत असल्यास हा प्रयोग करू नये. सेंद्रिय भाग जळून जातो. माती, वाळू, राख उरते. सेंद्रिय कर्बाची सुमारे पावणेदोन पट म्हणजे सेंद्रिय द्रव्य, असा हिशेब धरतात. शेकडा १८ कर्ब असलेल्या गांडूळखतात म्हणून सुमारे ३१ ग्रॅम जळून जावेत व ६९ ग्रॅमच्या आसपास उरावे. ८५ ग्रॅम उरले तर मातीची भेसळ आहे, यात संशय नको.

परळीचे औष्णिक वीजकेंद्र जवळ असल्याने आमच्या भागात राखेस तोटा नाही. ती वीटभट्ट्यांत उपयोगी पडते. पण खताचे वजन वाढविण्यास ती वापरल्यास रोपांस अपाय होऊ शकतो, कारण आपली काळी जमीन आधीच विम्लाकडे झुकलेली असते व ही राखही बहुधा तशीच असते. काही जण लोहचुंबक फिरवून राख ओळखण्याचा उपाय सांगतात. तो आमच्याकडे भरवशाचा नाही. काळ्या दगडापासून झालेल्या आपल्या मातीतही चुंबकाला चिकटणारे लोहकण असतातच. अग्नीची परीक्षाच खरी.

चौथी परीक्षा : बीज

वरील सर्व परीक्षांत उतरलेले खतही बियाण्याच्या परीक्षेवाचून स्वीकारू नये. ही परीक्षा सर्वांत स्वस्त व सर्वांत सच्ची आहे.

मातीची दोन सारखी भांडी घ्यावीत. एकात आपली खात्रीची, चाळलेली माती भरावी; दुसऱ्यात तीच माती व विकतचे खत समभाग मिसळून भरावे. दोहोंत अळिवाचे वीस-वीस दाणे टाकून सारखेच पाणी द्यावे. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो व खतातील दोष चटकन दाखवितो. सातव्या दिवशी रोपे मोजावीत, चार-दोन उपटून मुळे पाहावीत. मातीत १८ उगवले व खताच्या भांड्यात १५ अथवा अधिक, मुळेही पांढरी व लांब, तर खत वापरण्यास हरकत नाही. दहास आठ या प्रमाणाच्या खाली उगवण गेली, अथवा मुळाची टोके तपकिरी दिसली, तर त्या खतात रोपे करू नयेत.

त्याच वेळी तिसऱ्या भांड्यात घेवड्याचे चार दाणे लावून तीन आठवडे ठेवावेत. याचे कारण निराळे आहे. काही तणनाशके अशी आहेत की ती चाऱ्यातून जनावरांच्या पोटात, तेथून शेणात व खतात तशीच टिकून राहतात. २००८ साली इंग्लंडात असेच घडले. शेणखत घातलेल्या असंख्य बागांतील टोमॅटो व घेवड्याची पाने द्रोणासारखी वळून झाडे वाया गेली व त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. नाक, मूठ, अग्नी यांपैकी कोणासही हा दोष कळत नाही. घेवड्याच्या पानाला मात्र कळतो.

माझ्यापाशी अर्धी पिशवी उरली होती. तिच्यावर मी हा प्रयोग केला. मातीत अळिवाचे १८ दाणे उगवले. खताच्या भांड्यात ५. तेच खत दोन वेळा भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा पाहिले, तेव्हा ९ उगवले. उरलेले खत सावलीत ढीग करून, ओले ठेवून, दर आठवड्यास उलथून सहा आठवडे ठेवले. नंतर १७ उगवले. यावरून क्षार हा दोष थोडा व कच्चेपणा हा मोठा, असा निष्कर्ष निघतो. खत मुळात खोटे नव्हते. ते वेळेपूर्वी पिशवीत भरले गेले होते.

नापास खताचे काय करावे

असे खत फेकून देण्याचे कारण नाही. ते वरीलप्रमाणे सावलीत मुरवावे, अथवा लागवडीच्या एक-दोन महिने आधी शेतात पसरून मातीत मिसळावे. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास दुकानदार कोकोपीट म्हणतात, तो खत नव्हे; त्यात रोपास पोसणारे द्रव्य नाममात्र असते. तो ओल धरतो एवढेच. किनाऱ्याकडील काही मालात मीठ असते. सबब तो भिजवून ते पाणी ओतून द्यावे, असे निदान दोन वेळा करावे. रोपांच्या ट्रेसाठी असा धुतलेला भुसा ३ भाग व परीक्षेस उतरलेले गांडूळखत १ भाग घ्यावे. कुंडीसाठी माती, जाड वाळू व खत समभाग घ्यावे. निव्वळ काळी माती कुंडीत उन्हाने भेगाळते.

वेळापत्रक

या सर्व परीक्षांस घेवडा धरून तीन आठवडे लागतात. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकच पिशवी आणावी. मृगाच्या आत निकाल हाती येतो. निकाल चांगला आल्यावर त्याच लॉट क्रमांकाच्या बाकीच्या पिशव्या घ्याव्यात. चार शेतकऱ्यांनी मिळून एक पिशवी पारखली तर खर्च चौथाई होतो. मोठी खरेदी असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा; त्याविषयी अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येते. फसवणूक उघड दिसल्यास पावती व न फोडलेली पिशवी घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीची नोंद कोठेही राहत नाही, हे एका जुन्या कारकुनाचे सांगणे ध्यानात असावे.

ज्यांच्या घरी दोन जनावरे आहेत त्यांनी घरचेच खत करावे हे सर्वांत उत्तम. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधून सुमारे शंभर किलो शेण, काडीकचरा व माती यांपासून तीन-चार महिन्यांत भरपूर खत होते. बहिणीच्या वाड्यामागे असे टाके यंदा आम्ही बांधले आहे. त्यातील खत तयार झाल्यावर तेही प्रथम अळिवाच्या परीक्षेस बसेल. घरचे आहे म्हणून त्याला सूट मिळावयाची नाही.